सागवान, कापूस आणि ‘सुहैली’

बुलढाण्याहून समुद्र गाठायचा तर रस्त्याने चारशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडावं लागतं. जिल्ह्यात पाणी म्हणजे पैनगंगा, पूर्णा, नळगंगा, खडकपूर्णाचं धरण. आणि नाव म्हणजे धरणात जाळं टाकायला निघालेल्या मासेमाराचा डोंगा. शिडाच्या नौकेशी आपला काय संबंध, असं इथल्या कुणी विचारलं तर त्यात काही गैर नाही. पण जगातली एक फार नावाजलेली शिडाची नौका ज्या दोन वस्तूंच्या जिवावर तरली, त्या दोन्ही या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. एक सागवान. ज्ञानगंगा आणि अंबाबरवाच्या जंगलात तो उभा आहे, जुन्या वाड्यांच्या तुळयांत आणि चौकटींत तो अजून शाबूत आहे. दुसरी वस्तू कापूस. खामगावच्या कापसासाठी १८७० मध्ये जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते.

त्या नौकेचं नाव ‘सुहैली’. ती बांधली गेली मुंबईत, कुलाब्यात. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कामानिमित्त तो मुंबईत असे. दोन मित्रांना जोडीला घेऊन त्याने नौका बांधायचं ठरवलं, इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून टपालाने आराखडे मागवले आणि आले ते भलतेच. मागवलेली नौका नव्या वळणाची होती. हाती पडला चाळीस वर्षांपूर्वीचा, जाडजूड, दोन्ही टोकांना निमुळता ‘एरिक’ नावाचा आराखडा. परत पाठवण्यात वेळ घालवण्यापेक्षा हाच बांधू, असं तिघांनी ठरवलं. पुढे मित्र एकेक करून बाहेर पडले आणि नौका एकट्या रॉबिनची झाली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. ते नाव तिला मिळालं.

कुलाब्यातल्या सुतारांची हत्यारं कोणती? वाकस, करवत, रंधा, पटाशी आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता. विजेवर चालणारं यंत्र जवळपास नाहीच. ओंडक्यातून वाकसाने तासून फासळ्या काढायच्या, त्यांवर फळ्या वाकवून बसवायच्या, हाताने भोकं पाडून लोखंडी खिळ्यांनी जखडायच्या. हे काम मुंबईला नवीन नव्हतं. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्या काळातल्या विलायती ओकच्या बहुतेक नौका केव्हाच कुजून संपल्या. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळ्याला खातं आणि गंजलेला खिळा मग लाकडाला खातो. सागवानातलं तेल पाण्याला, वाळवीला आणि समुद्रातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्यालाही बरंच दूर ठेवतं. शिवाय ओलं-कोरडं होताना हे लाकूड फारसं फुगत-आकसत नाही. फारसं नाही, म्हणजे अजिबात नाही असं मात्र नव्हे. पुढे ‘सुहैली’ला ग्रीनिचच्या नाविक संग्रहालयात ठेवलं, तेव्हा तिथल्या आखीव कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. शेवटी नॉक्स-जॉन्स्टनने २००२ मध्ये तिला बाहेर काढलं, वर्षानुवर्षं डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडलं. दक्षिण महासागराने जे केलं नाही, ते वातानुकूलनाने करायला घेतलं होतं.

आता त्या भलत्या आराखड्याकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. त्याचं मूळ नॉर्वेत. तिथल्या किनाऱ्यावर हिवाळी वादळांत मासेमारी नावा बुडत आणि दरवर्षी माणसं जात. कॉलिन आर्चर या नौकारचनाकाराने १८९३ मध्ये त्यांच्यासाठी बचावनौका तयार केली. तिच्याकडून अपेक्षा काय होती, हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. वादळ आलं की बाकी सगळे बंदराकडे पळतात, हिने त्याच वेळी बाहेर जायचं, बाहेरच तग धरायचा आणि अडकलेल्या नावेला ओढून आणायचं. वेगाची अट दुय्यम. पुढे अमेरिकेतल्या विल्यम ॲटकिनने १९२० च्या दशकात तोच आकार लहान करून ३२ फुटांची हौशी प्रवाशांसाठीची नौका आखली. तीच ही ‘एरिक’.

‘सुहैली’ डेकवर सुमारे ३२ फूट लांब, ११ फूट रुंद, पाण्याखाली साडेपाच फूट खोल आणि वजनाला दहा टनांच्या आसपास. पाण्याच्या रेषेवर तिची लांबी २८ फूट. या शेवटच्या आकड्याला धरून ठेवा, कारण नौकेचा वेग तोच ठरवतो. नौका पाणी कापत निघाली की नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली, की नाळ एका उंचवट्यावर आणि पिछाडी दुसऱ्यावर, अशी नौका स्वतःच उकरलेल्या खळग्यात बसते. आणखी वेग हवा तर तिला पुढच्या लाटेवर चढावं लागेल आणि दहा टनांच्या धुडाला शिडाच्या ताकदीवर ते जमत नाही. हिशेब सोपा आहे: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. २८ चं वर्गमूळ ५.२९, गुणाकार येतो ७.१ नॉट, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. वारा कितीही सुटो, सपाट पाण्यावर ‘सुहैली’ची ही कमाल. हलक्या, पसरट तळाच्या आजच्या शर्यती नौका खळग्यातून निसटून पाण्यावर घसरत जातात, त्यांना हा नियम तितका बांधत नाही. फ्रान्सच्या फ्रान्स्वा गाबारने २०१७ मध्ये तीन धडांच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ४२ दिवसांत. ‘सुहैली’ला लागले ३१२.

तरीही त्या ३१२ दिवसांनी इतिहास झाला. १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर नवी, ५३ फुटांची पोलादी नौका हवी होती. पैसे उभे राहिले नाहीत म्हणून तो ‘सुहैली’ घेऊन निघाला. १४ जून १९६८ ला फालमाउथ सोडलं. एकूण नऊ जण निघाले आणि शर्यत पुरी केली ती याने एकट्यानेच. चाय ब्लाइथ आणि जॉन रिजवे यांच्याकडे इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, सहलीसाठीच्या, तळाखाली दोन-दोन आखूड कणे असलेल्या तीस फुटी नौका होत्या. रिजवेने अटलांटिकमध्येच शर्यत सोडली, ब्लाइथने आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडल्यावर. नायजेल टेटलीची तीन धडांची ‘व्हिक्ट्रेस’ जवळजवळ घरी येऊन पोचली होती, तेव्हा फुटून बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट खोट्या नोंदी करत अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि परतला नाही. बर्नार मोआतेसिए हा सगळ्यांत कसलेला. त्याची पोलादी ‘जोशुआ’ वेगातही ‘सुहैली’च्या पुढे होती, पण बक्षिसावर पाणी सोडून तो तसाच ताहितीकडे निघून गेला. उरली ‘सुहैली’, सरासरी चार नॉट, भरभर चालणाऱ्या माणसाहून जेमतेम पुढे.

नशीब म्हणून हे सोडून देता येत नाही. तिच्या रचनेत एक गुण होता, ज्याची किंमत त्या काळच्या शर्यतवाल्यांना कळली नव्हती असं मला वाटतं: तिला माणसाची गरज कमी लागे.

एकट्या माणसाला झोप लागते. तो झोपला की सुकाणू कोण धरणार? ‘सुहैली’वर वाऱ्याच्या पात्याने चालणारं, सुकाणू आपोआप फिरवणारं यंत्र होतं. ते वरचेवर मोडे आणि ऑस्ट्रेलियाजवळ आल्यावर ते कायमचं गेलं. म्हणजे पुढचा पॅसिफिक, केप हॉर्न आणि पुरता अटलांटिक, जवळजवळ अर्धी पृथ्वी, यंत्राशिवाय. नॉक्स-जॉन्स्टनने शिडांचा मेळ असा बसवला की सुकाणूचा दांडा बांधून टाकला तरी नौका आपली दिशा धरून चालायची. तो खाली जाऊन झोपायचा.

हे कसं होतं, ते गाडी हाकलेल्या माणसाला चटकन कळेल. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. मधला नेमका तोल साधला तर बैलांच्या खांद्यावर भार येत नाही. नौकेत हा तोल वाऱ्याच्या जोराचा असतो. सगळ्या शिडांवरचा वाऱ्याचा दाब एका बिंदूत एकवटला आहे असं धरू. पाण्याखालचा भाग त्या दाबाला बाजूने जो अडसर करतो, तोही एका बिंदूत धरू. शिडाचा बिंदू मागे पडला तर नौका वाऱ्याकडे तोंड फिरवते, पुढे गेला तर वाऱ्याकडे पाठ करते. दोन्ही बिंदू जुळून आले की ती सरळ जाते. ‘सुहैली’ला दोन डोलकाठ्या होत्या, मोठी पुढे आणि छोटी मागे, शिवाय नाळेबाहेर काढलेल्या आडकाठीवर पुढची शिडं. मागचं छोटं शीड थोडं सैल सोडलं, पुढचं एक बदललं की तो बिंदू हातभर इकडेतिकडे सरकवता येई. एकाच उंच डोलकाठीच्या नौकेत ही सोय फार कमी.

जुळलेला तोल टिकवायचं काम तळाखालचा लांब कणा करतो. ‘सुहैली’चा कणा जवळजवळ नाळेपासून पिछाडीपर्यंत सलग, आणि सुकाणू त्याच्याच शेवटाला टांगलेलं. लाटेने ढकललं तर एवढ्या लांब कण्याला फिरायलाच वेळ लागतो. फिरण्याआधी लाट निघून जाते. आजच्या बहुतेक नौकांना मधोमध खोल, अरुंद पातं असतं आणि सुकाणू मागे वेगळं. तशी नौका चपळ असते, बंदरात जागच्या जागी वळते, वाऱ्याच्या तोंडावरही छान जाते. ‘सुहैली’ तिथे कमी पडते. वाऱ्याशी चाळीसेक अंशांचा कोन करून आजची चांगली नौका पुढे सरकते. हिला त्याहून बरंच रुंद जावं लागतं आणि जाताना ती बाजूलाही घसरते. समोरून वारा असेल त्या दिवशी तिची मैलांची कमाई निराशाजनकच असे. मात्र दक्षिण महासागरात वारा बहुतेक वेळ पाठीमागून येतो. तिथे वाऱ्यावर चढण्यापेक्षा वाऱ्याबरोबर निमूट पळण्याची गरज जास्त, आणि खरा धोका तिथेच असतो. मागून आलेली लाट पिछाडी उचलते, नौका आडवी फिरते आणि पुढची लाट तिला उलथवते. ‘सुहैली’ची पिछाडी नाळेसारखीच निमुळती. सपाट पिछाडीवर लाट आदळते, निमुळतीवर ती दुभंगून दोन बाजूंनी निघून जाते. वादळात नॉक्स-जॉन्स्टन मागे लांबलचक जाड दोर सोडून ठेवी. तो दोर पिछाडीला धरून ठेवायचा, वेग रोखायचा आणि नौका लाटेला काटकोनात राहायची.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. १९६८ च्या सप्टेंबरात आफ्रिकेच्या दक्षिणेला एका रात्री लाटेने तिला आडवं पाडलं. तळाच्या लोखंडी भाराने ती पुन्हा उभी राहिली, पण केबिनचं छप्पर मुळापासून हललं होतं. आणखी एक तसाच फटका बसता तर ते उपटून निघालं असतं.

त्याआधीच अटलांटिकमध्ये, केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला, तिला गळती लागली होती. पंप मारायला लागण्याचं प्रमाण वाढत गेलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन वारा पडलेला पाहून पाण्यात उतरला. कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीचा सांधा दोन्ही बाजूंना उघडला होता. लाकडी नौकेचे सांधे कापसाने बुजवतात. कोकणात त्याला कलाफती म्हणतात. कापसाचे पेळू वळून सांध्यात ठासायचे आणि वरून डांबर-लांबी. हे काम नौका कोरड्या जमिनीवर असताना करायचं असतं. हा माणूस पाण्याखाली पाच फुटांवर, श्वास रोखून, स्क्रूड्रायव्हर आणि हातोड्याने कापूस ठासत होता. पांढऱ्या अंगाकडे शार्क ओढले जाऊ नयेत म्हणून त्याने निळा सदरा आणि जीन्स चढवली होती. आत ठासलेला कापूस पुढचा श्वास घेऊन येईपर्यंत निघून यायचा. मग त्याने युक्ती केली. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं, तांब्याच्या चुका आधीच पट्टीत रोवून ठेवल्या आणि पट्टी सांध्यावर ठोकत गेला. पट्टी निघू नये म्हणून वर तांब्याचा पत्रा मारायचा होता. त्या कामाच्या मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला. नॉक्स-जॉन्स्टन वर चढला, बंदुकीने त्याला मारला, आणखी कुणी वासावर येतं का ते थांबून पाहिलं आणि पुन्हा खाली गेला. दुसरी बाजूही त्याने काही दिवसांनी अशीच बुजवली.

१७ जानेवारी १९६९ ला त्याने केप हॉर्नला वळसा घातला आणि २२ एप्रिलला फालमाउथ गाठलं. बक्षिसाचे ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

मुंबईत सुरू झालेल्या या गोष्टीचा पुढचा धागा गोव्यात आहे. दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने नौदलासाठी ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ‘म्हादेई’च्या पृथ्वीप्रदक्षिणेमागची मूळ प्रेरणा. समुद्रापासून दूर राहून समुद्राचा ध्यास घेणारे ते एकटेच नसावेत. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. निघण्याआधी ते इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली शिकून आले होते. त्याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता १५१ दिवसांत प्रदक्षिणा केली. सुमारे २३,००० सागरी मैल, सरासरी सहा नॉटहून जास्त. वर्गमुळाचा तो हिशेब इथेही दिसतो: नौका लांब झाली, वेग वाढला.

पुढे २०१८ मध्ये जुन्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरवली गेली. अट अशी की नौका ३२ ते ३६ फुटांची, आराखडा १९८८ पूर्वीचा, कणा लांब आणि सुकाणू त्याला जोडलेलं; जीपीएस वापरायचं नाही, सेक्स्टंटने सूर्यताऱ्यांवरून जागा काढायची. दांडेकरांच्या कारखान्यात टॉमींसाठी ‘सुहैली’चीच प्रतिकृती तयार झाली, ‘तुरीया’. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलथली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीचा कणा दुखावला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना सोडवलं. मजबूत तळ माणसाला तरंगत ठेवतो, डोलकाठीची हमी देत नाही. जुन्या वळणाच्या नौकांचे भक्त हे सहसा बोलून दाखवत नाहीत.

टॉमी पुन्हा चालायला शिकले आणि ४ सप्टेंबर २०२२ ला त्याच शर्यतीत पुन्हा उतरले, या वेळी ‘रस्लर ३६’ जातीच्या ‘बायनात’मधून. ते दुसरे आले, २९ एप्रिल २०२३ ला. दोन दिवस आधी पहिली आली दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर. मधल्या वाटेवर तिने वाट वाकडी करून, बुडालेल्या नौकेतून जीवतराफ्यावर उतरलेल्या प्रतिस्पर्धी तापियो लेह्तिनेनला उचलून घेतलं होतं. बुडालेली ती नौकाही लांब कण्याचीच होती. किर्स्टनची ‘मिनेहाहा’ ‘केप जॉर्ज ३६’ जातीची, आणि या जातीचा आकार विल्यम ॲटकिनच्याच दुसऱ्या एका आराखड्यावरून आलेला. म्हणजे चौपन्न वर्षांच्या अंतराने जिंकलेल्या दोन नौका मुळात एकाच हाताच्या.

किर्स्टनला निघाल्यापासून पोचायला २३५ दिवस लागले, ‘सुहैली’हून ७७ कमी. हे दिवस वाचले कुठे? तिची नौका थोडी लांब, हे एक झालं. पण जीपीएस तिच्याकडेही नव्हतं आणि कणा तितकाच लांब होता. माझ्या अंदाजाने बरेचसे दिवस तीन ठिकाणी वाचले: ताणाखाली आकार न सोडणारं शिडाचं कापड, तळाला शंख-शिंपले चिकटू न देणारा रंग, आणि ऑस्ट्रेलियापाशी मोडून न पडणारं वाऱ्याचं पातं. आणि बुजवायला उघडा सांधा नव्हता. कापसाची गरजच पडली नाही.